विहिरीकाठचं बाळ

फॉल-पिकोच्या दुकानात एका अनोळखी बाईनं माझी हनुवटी धरली. मी काउंटरवर आईची राखाडी साडी उलगडून तिचा उसवलेला काठ दाखवत होते. दुकानदार उद्या संध्याकाळी म्हणत होता, मला आजच हवी होती, आणि तेवढ्यात डावीकडून एक हात आला. गार, ओलसर, गुलाबाच्या क्रीमचा वास असलेला. "तूच ना ती? साधनाताईंची?" बाई म्हणाली. "अगं, विहिरीकाठचं बाळ!" दुकानातल्या तीनचार बायका वळल्या. एकीनं विचारलं, काय हो, काय झालं? आणि ती बाई माझी हनुवटी न सोडता सांगायला लागली. मे महिना, भर दुपार, नवऱ्यानं टाकलेली एकोणीस वर्षांची पोर, कडेवर दोन महिन्यांचं लेकरू, एक पाय विहिरीच्या काठावर. मग बाळानं आईचा कान कसा घट्ट धरला, आणि तो कान देवानंच धरलाय हे आईला कसं कळलं. तिला सगळं पाठ होतं. थांबायच्या जागासुद्धा. मशीनवर बसलेल्या मुलीनं तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विहिरीतून काढलेली, अजून ओलीच आहे. मी साडी तशीच गोळा करून पिशवीत कोंबली आणि बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर हनुवटी ओढणीनं पुसली, मग बाटलीतलं पाणी घेऊन धुतली. बस मिळाली, जागा मिळाली, घर आलं, तरी तो वास जाईना. मी चौतीस वर्षांची आहे. एका संस्थेच्या ग्रंथालयात पुस्तकांची नोंद करते. कुणाचा हात अंगाला लागू नये अशा बेतानं मी माझं सगळं आयुष्य मांडलेलं आहे, आणि एका हातानं ते विस्कटतं, याची मला त्या संध्याकाळी जास्त शिसारी आली.

त्यानंतर दोन दिवसांनी आईचा पहिला स्मृतिदिन होता. अवसरीला, टाकलेल्या बायकांसाठी तिनं काढलेल्या शिवणकेंद्रात. शीलाताईनं दोन महिने आधीच फोन करून ठेवला होता. शीलाताई म्हणजे आईनंतर केंद्र सांभाळणारी बाई. वीस वर्षांपूर्वी ती स्वतः तिथं पोटाशी पोर धरून आली होती. "ताईंचीच साडी नेसून या हं," ती म्हणाली होती. "पुण्याची देणगीदार मंडळी येणार आहेत. तुम्हाला त्या साडीत बघून बरं वाटेल त्यांना." बरं वाटेल त्यांना. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जेवढं बोलावं लागलं असतं तेवढं बोलायची माझी इच्छा नव्हती. वर्षभर माझं असंच चाललं आहे. लोक म्हणतात, फार धीरानं घेतलंस. धीर नाही तो. मी फक्त गोष्टी लवकर आटोपते.

आदल्या दिवशी मंचरला उतरून अवसरीकडे जाणाऱ्या रिक्षात बसले तेव्हा ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर वाकलेला होता, आणि रिक्षावाला समोरच्या माणसाला सांगत होता की काल शाळेमागं बिबट्या पुन्हा दिसला, आता पोरं पाचालाच आणावी लागत्यात. केंद्राच्या फाटकावर फ्लेक्स लावलेला होता. आईचा फोटो, कपाळावर नको तेवढं मोठं केलेलं कुंकू, बाजूला दत्त, आणि खाली एक विहीर. ती विहीर कुठल्या देशातली होती देव जाणे. तिच्यावर कौलांचं छोटं छप्पर होतं, लाकडी रहाट होता आणि बादलीत फुलं होती. आंबेगाव तालुक्यात अशी विहीर कुणी पाहिली नसेल. मी फ्लेक्सखालून आत गेले आणि तोच वास आला. मशीनचं तेल, कोऱ्या मांजरपाटाची खळ, तळाला लागलेली साबुदाण्याची खिचडी, उदबत्ती, आणि या सगळ्याखाली तान्ह्या मुलांच्या आंबलेल्या दुधाचा वास. माझं लहानपण या वासात गेलं. वर्गातल्या मुली म्हणायच्या, हिच्या दप्तराला कायतरी येतं.

त्या जागेत एक शब्द होता: उभं राहणं. "आज कोण उभी राहणार?" असं आई गुरुवारी सकाळी विचारायची, आणि खोलीतल्या मशीन एकदम थांबायच्या. संध्याकाळी प्रार्थना झाली की ठरलेली मुलगी दत्ताच्या तसबिरीपुढे उभी राहायची आणि आपल्यावर काय गुदरलं ते सगळ्यांसमोर सांगायची. सहा महिन्यांच्या शिक्षणात एकदा तरी उभं राहावं लागे. त्याशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय पुढे शाळांचे गणवेश शिवण्याच्या कामावर जागा नाही. आई म्हणायची, पोटातलं बाहेर आल्याबिगर हातातलं नीट होत नाही. तिचा यावर पूर्ण विश्वास होता. दत्तावर होता तितकाच. सुईत दोरा ओवण्याआधी ती सुईला नमस्कार करायची, आणि तो दाखवण्यासाठी नसायचा; मी दाराआडून पाहिलेलं आहे. आणि हेही लिहायला हवं की तिथून गेलेल्या मुली उभ्या राहिल्या त्या खरोखर राहिल्या. एकीचं नारायणगावात दुकान आहे. एक पुण्यात सोसायट्यांचे पडदे शिवते आणि तिच्या हाताखाली चौघी आहेत. हे सगळं खरं आहे. ती जागा निव्वळ खोटी असती तर मी तिच्याकडे पाठ फिरवून कधीच मोकळी झाले असते.

पाहुणे असले की आई स्वतः उभी राहायची. आणि ती उभी राहिली की मला तिच्या शेजारी उभं राहावं लागायचं. चौथ्या वर्षापासून. ती मे महिन्यापासून सुरू करायची, विहिरीच्या काठावर यायची, एक पाय उचलायची, खरंच उचलायची, लुगड्यातून तिचा भेगाळलेला तळवा दिसायचा, आणि मग थांबायची. ती थांबली की मी पुढं होऊन तिचा कान धरायचा. ती वाकायची, मी धरायचे. कान गरम असायचा, कुड्याभोवती तेल साचलेलं असायचं, कानामागे घाम. समोरच्या बायका हुंदके द्यायच्या. नंतर त्या मला जवळ घ्यायच्या, त्यांच्या गालांची ओल माझ्या मानेवर यायची, कुणी हातावर चॉकलेट ठेवायचं, ते हातातच विरघळायचं. तेराव्या वर्षी मी पुढं झाले नाही. आई एक पाय उचलून उभीच राहिली. किती वेळ ते मला आठवत नाही. तिचा पाय थरथरायला लागला एवढं आठवतं. मग तिनं स्वतःच स्वतःचा कान धरला आणि गोष्ट पुरी केली. त्या जूनमध्ये मी पुण्याला वसतिगृहात गेले. आम्ही दोघींनीही ते कारण कधी बोलून दाखवलं नाही.

आईच्या खोलीत माझी पिशवी ठेवली तेव्हा दारात एक मुलगी उभी होती. वीसएक वर्षांची, कडेवर वर्षाचं मूल. "मी हर्षाली," ती म्हणाली. "ही संस्कृती. ताई, तुमाला चहा आणू का?" मी नको म्हटलं. ती गेली नाही. पोरगी तिच्या गळ्यातला काळा दोरा चोखत होती आणि लाळ हर्षालीच्या छातीवर गळत होती. मी नजर दुसरीकडे नेली. "उद्या मला उभी करत्यात," ती म्हणाली. "तुमच्या आईच्या कार्यक्रमाला. मोबाईलवर टाकणार हायत, यूट्यूबला. तुमी सांगा ना शीलाताईंना. तुमचं ऐकत्याल." मी विचारलं, तुला बोलायचं नाही का? "बोलायला काय, बोलंन. पण तोंड दिसलं तर तो येईल." तो म्हणजे नवरा. खोडदचा. तिथल्या त्या मोठ्या दुर्बिणीच्या तबकड्यांजवळ त्यांचं शेत. हर्षाली सहा महिन्यांपूर्वी पोर घेऊन दुपारच्या गाडीनं निघून आली होती. त्याला वाटत होतं ती नाशिकला मामेबहिणीकडे आहे. "त्यानं सांगून ठिवलंय माझ्या भावाला. जिथं दिसंल तिथनं पोर उचलून आणीन म्हणून. तिला काय तो सांभाळणार न्हाई. नुसती मला दावायला न्यायची." हे ती भाजीचे भाव सांगावेत तसं सांगत होती. "आणि नाही उभी राहिलीस तर?" "मग सोमवारपास्नं गणवेशावर बसायचं ते न्हाई. खोली पण सोडायची. नव्या पोरी यायच्यात." मी तिला म्हटलं, बघते. हा शब्द मी ग्रंथालयात दिवसातून वीसदा वापरते आणि त्याचा अर्थ काय असतो हे मला माहीत आहे. तिलाही बहुतेक माहीत होता. तरी ती हसली.

शीलाताई मागच्या ओट्यावर हर्षालीचीच तयारी करून घेत होती तेव्हा मी तिथं गेले. कुशामावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, निरगुडसरहून आलेली, भिंतीला टेकून वाती वळत होती. "विहिरीपाशी आलीस," शीलाताई म्हणत होती, "मग काय झालं?" हर्षाली म्हणाली, "ताई, आमच्यात विहीर न्हाई. शेततळं हाय." "बाई गं, विहीर म्हण." "पण खोडदची कुणी असली तर हसत्याल. त्या वावरात विहीर न्हाईच." "शेततळ्यानं कुणाच्या डोळ्याला पाणी येतं का?" हर्षाली विचार करून म्हणाली, "शेततळं लई वाईट अस्तं. खाली प्लास्टिकचा कागद अस्तोय. पाय ठिवला की गेलंच माणूस, उडी मारायलाच लागत न्हाई." मावशी वातीवर थुंकी लावत फसकन हसली. "आणि खरं सांगू का," हर्षाली म्हणाली, "मला मरावंसं कदी वाटलंच न्हाई. मला त्याला मारावंसं वाटायचं." "हे बोलायचं नाही," शीलाताई पटकन म्हणाली, आणि दत्ताच्या दिशेनं हात जोडले.

मी शीलाताईला बाजूला घेऊन सांगितलं. ती माझं म्हणणं शांतपणे ऐकत होती आणि माझ्या ब्लाउजच्या बाहीवरचा सुटलेला धागा तिनं बोलता बोलता दातानं तोडून टाकला. मला अंग काढून घ्यायला वेळच मिळाला नाही. "ताईंनी कुणाला सोडलं नाही," ती म्हणाली. "मलासुद्धा नाही. मी तीन गुरुवार मुकी उभी राहिले, चौथ्याला बोलले. त्या दिवसापासून मी माणसात आहे. आणि ज्यांच्या आधारावर हे चालतं त्यांना एक मुलगी तरी बघायची असते. व्हिडिओ लागतो. मी काय दाखवू, मशीन दाखवू?" मी म्हटलं, तिचं मूल जाईल. "दत्त आहे," ती म्हणाली, आणि ती ढोंगी नव्हती, हे सगळ्यात अवघड होतं. मग जरा थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही उभ्या राहणार असाल तर गोष्ट वेगळी. मग मला दुसरं कुणी नको. विहिरीकाठचं बाळ स्वतः म्हटल्यावर." मी म्हटलं, ते शक्य नाही. "मग बघा," ती म्हणाली.

आईच्या खोलीत मी साडीचा उसवलेला काठ स्वतःच शिवायला घेतला. दोरा शोधताना कपाटामागच्या खिळ्याला टांगलेली कागदाची कापं हाताला लागली. शिवणाच्या वर्गात नवी मुलगी आली की तिला आधी कापड देत नाहीत. बिनदोऱ्याच्या सुईनं कागदावर शिवण घालायला लावतात. आधी सरळ रेघ, मग गोल, मग कोपरा. भोकांची ओळ रेघेवर आली म्हणजे हात बसला. मग त्याच कागदातून ब्लाउजचा नमुना कापायचा: पाठ, पुढा, बाही. सगळीकडे वर्तमानपत्र वापरतात. आई सुरुवातीच्या वर्षांत हाती येईल तो कागद वापरायची, लिहिलेला, पाठकोरा, कसलाही. तारेत ओवलेल्या त्या कापांत सगळ्यात आत, पार तपकिरी झालेली, तिच्या स्वतःच्या मापाची दोन बाह्यांची कापं होती. बत्तीस छाती. तेव्हा ती तेवढीच होती. त्यांवर तिचं अक्षर होतं, शाळा सुटून फार दिवस न झालेल्या मुलीचं, वर रेघ न ओढता लिहिलेलं. मी ते खिडकीशी धरलं तर अक्षरांमधून सुईची भोकं उजेडानं भरून आली. पहिल्यांदा पुण्यात उभं राहायचं होतं, तेव्हा तिथल्या बायकांनी तिला आधी लिहून आण म्हणून सांगितलं होतं. ही गोष्ट तिनं मला एकदा सांगितली होती. ते लिहिलेलं म्हणजे हे.

एका बाहीवर होतं: मंचरच्या स्टँडवर बाकावर ठेवली. दुपट्यात चांगली गुंडाळून. कोणी तरी घेईल असं वाटलं. मी जुन्नर गाडीत बसले. एकलहऱ्याच्या फाट्याला उतर… तिथं कात्रीनं मुंढ्याचा गोलवा घेतला होता आणि शब्द अर्धाच कापला गेला होता. दुसऱ्या बाहीवर मधूनच सुरू होत होतं: चालत परत आले. बांगडीवाल्या बाईच्या मांडीवर होती. रडत नव्हती. मी घेतली तर तिनं माझा कान धरला. सोडीना. घरापर्यंत सोडला नाही. आणि समासात, तिच्या अक्षरापेक्षा कितीतरी वळणदार, लाल शाईत, कुणीतरी लिहिलेलं होतं: हे नको. आई असं करत नाही.

मी ती कापं हातात घेऊन आईच्या खाटेवर बसले. मला धक्का वगैरे बसला असं नाही. मला आधी त्या लाल अक्षराची किळस आली, त्यातल्या सुबक वेलांट्यांची. ते लिहिणाऱ्या बाईचे हात मला दिसले, गार आणि ओलसर. मग आईची आली. इतकी वर्षं ती उभी राहिली, पाय उचलून. मग माझी, की मी पुस्तकांच्या एवढ्या ढिगाऱ्यात राहते आणि बाकावर ठेवलेल्या मुलीनं सगळा जन्म विहिरीची लाज बाळगली. आणि या सगळ्यातून, न बोलावता, हॉस्पिटलमधली दुपार आली. ऑक्सिजनच्या मास्कचं इलॅस्टिक आईच्या कानामागं काचत होतं, कातडी सोलवटली होती. मी ते सारखं करायला वाकले तर तिनं डोळे उघडले आणि मास्कच्या आतून म्हणाली, धर. मला ऐकू आलं होतं. नर्स समोर होती, पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटचे नातेवाईक बघत होते. मला वाटलं, आताही? इथंही? मी पलंगाची दांडी धरली. दांडी गार होती. ती पुन्हा म्हणाली नाही. साडेचारला ती गेली.

मावशी अजून ओट्यावरच होती. मी तिच्याजवळ बसून विचारलं, "मावशी, निरगुडसरची आपली विहीर कधी खांदली गं?" तिनं वातीवरची नजर काढली नाही. "तू तीन वर्सांची व्हतीस. कठड्यावरनं लई नाचायचीस, म्हून ध्यानात हाय. त्याच्या आदी वड्यावरनं पाणी." "म्हणजे मी दोन महिन्यांची असताना..." "व्हती कुठं विहीर." "मग तुला ठाऊक होतं." "मला काय ठाव न्हाई," मावशी म्हणाली. "त्या दिशी ती अंदार पडायला घरी आली. पायाला फोड. पोरीनं कान असा धरलेला, की कुडकं रुतून रगत आलेलं. मी सोडवाया गेले तर म्हणली, राहू दे आक्का, धरू दे." तिनं वाती मोजल्या नाहीत, नुसत्या सरळ केल्या. "कुठं गेली व्हती ते मी इचारलं न्हाई. परत आली का न्हाई? आली ना? मंग."

दुसऱ्या दिवशी अकराला पुण्याची गाडी आली. बारातेरा बायका आणि दोन पुरुष. सगळ्यांनी केंद्र पाहिलं, म्हणजे मुलींच्या मागे उभं राहून शिवण पाहिली आणि "वा" म्हटलं. एकीनं संस्कृतीचा गाल ओढला आणि मग हात रुमालाला पुसला. फॉल-पिकोच्या दुकानातली बाई होतीच. तिनं लांबूनच मला ओळखून मान हलवली, आता काय बोलणार तुला, अशी. मी आईची राखाडी साडी नेसले होते. तिला पदराशी जुना वास होता, तेलाचा आणि भस्माचा, धुऊनही न गेलेला. पहिल्या रांगेत मला बसवलं. प्रार्थना झाली. मुली डोळे मिटून म्हणत होत्या आणि त्यांचे पाय सवयीनं जमिनीवर हलत होते, खाली मशीनचं पायडल असल्यासारखे. आदेश नावाचा एक जण कॅमेरा घेऊन बसला होता. तो सारखा दत्ताच्या तसबिरीवरचा उजेड कमी करायला सांगत होता, तोंड काळं येतंय म्हणत होता. कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही.

मग शीलाताईनं हर्षालीचं नाव घेतलं. हर्षाली उठली. पोर तिनं मावशीच्या मांडीवर दिली आणि पोर रडायला लागली. हर्षालीनं नवं पोलकं घातलं होतं, स्वतः शिवलेलं, डावी बाही किंचित वर चढलेली. ती तसबिरीपुढे गेली, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. "इकडं, इकडं तोंड," आदेश म्हणाला. बायका कौतुकानं हसल्या, लाजते हो. हर्षाली वळायला लागली. तिनं पदर तोंडावर ओढायचा प्रयत्न केला, शीलाताईनं प्रेमानं तो खाली केला. प्रेमानंच. त्या हाताकडे बघता बघता मी उठले. असं काही करायचं मी ठरवलेलं नव्हतं. मी फक्त त्या हाताला ती हनुवटी मिळू नये म्हणून उठले. हर्षालीच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आज मी उभी राहते." खोलीत एक उसासा फिरला. शीलाताईच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. हर्षाली माझ्यामागून सरकत मावशीकडे गेली. संस्कृतीचं रडणं थांबलेलं मला ऐकू आलं.

मी बाक सांगणार होते. तोंड उघडेपर्यंत माझं तेच ठरलेलं होतं. मंचरचा स्टँड, दुपटं, जुन्नर गाडी. यांना एकदा कळू दे आई काय करते ते. पण समोर ते चेहरे होते, तयार झालेले, ओठ जरा विलग, खाऊ पुढ्यात येण्याआधी असतात तसे. पहिल्या रांगेत हनुवटीवाली बाई रुमाल उलगडून बसली होती. मला वाटलं, हिला मी ती एकोणीस वर्षांची मुलगी द्यायची? पायाला फोड आलेली? फाट्यापासून उन्हात मागं चालत येणारी, आणि बाक रिकामा असेल का एवढंच बघत येणारी? ही तिला चोखून चोखून संपवेल. दुकानांतून सांगत फिरेल. आणि त्या क्षणी मला समजलं, असं म्हणायचं मला धाडस नाही, पण माझ्या तोंडून जे आलं ते हे: "मे महिना होता. दुपारचे बारा." माझा आवाज आईचा होता. थांबायच्या जागा मला पाठ होत्याच. मी निरगुडसरच्या विहिरीपाशी आले, जी अजून कुणी खांदलेली नव्हती. मी तिच्यात आईनंही कधी न घातलेलं पाणी घातलं, हिरवं, खोल, वर चिंचेचा पाला तरंगणारं. मला ते चांगलं जमत होतं. माझ्याच जमण्याची मला किळस येत होती आणि तरी मी सांगत होते. एक पाय उचलला. बायकांचे हुंदके सुरू झाले. "आणि मी आईचा कान धरला," मी म्हटलं, आणि माझा हात आपोआप वर गेला, जरा पुढं, एका वाकलेल्या बाईचं डोकं जिथं असतं तिथं. बोटं मिटली. त्यांत काही नव्हतं. तिथं मी थांबले. ती थांबायची जागा नव्हती, पण लोकांना वाटलं असावी.

नंतर त्यांनी मला जवळ घेतलं. एकीमागून एक. गाल, क्रीम, घाम, रुमालांतला दमट वास. मी उभी राहिले, आई उभी राहायची तशी, हात खाली सोडून. शीलाताईनं माझे पाय धरले. सोमवारचं मी तिच्या कानात विचारलं तेव्हा ती म्हणाली, हो हो, बसू दे की तिला गणवेशावर, आज तुम्ही सगळ्यांचं केलंत. मग मी मागच्या नळावर गेले आणि चूळ भरली. एकदा, दोनदा, पाचदा. मान धुतली, हनुवटी धुतली. आईच्या साडीचा पदर ओला झाला आणि त्यातून तेलाचा वास जास्तच वर आला. पुढच्या गुरुवारी शीलाताई पुन्हा कुणालातरी उभं करणारच होती. ते मी काही थांबवलेलं नव्हतं.

हर्षाली आली. कडेवर संस्कृती, हातात माझ्यासाठी खिचडीची ताटली. "ताई, लई भारी सांगितलं तुमी," ती म्हणाली. "मावशी पण रडली. म्हणली, डोळ्यात धूर गेला." मग आवाज खाली आणून, "खरी व्हती का हो विहीर?"

मी पदर पिळत होते. म्हटलं, "नाही."

तिला नवल वाटलं नाही. तिनं ताटली नळाच्या कट्ट्यावर ठेवली आणि पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मंग मला द्याल का?" ती म्हणाली. "न्हाई म्हंजे, शीलाताई आज सोडतील, उद्या परत कदीतरी धरतील. कॅमेरा नसल तवा राहीन की उभी. पण शेततळं चालत न्हाई म्हणत्यात. तुमची ती चिंचेची लई चांगली हाय. मी तसंच सांगन, बारा वाजल्यापास्नं."

"घे," मी म्हटलं.

ती खूश झाली. ओठ हलवून मनाशी एकदा म्हणून पाहिलं तिनं. संस्कृती तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती, मूठ तोंडात, लाळ मनगटापर्यंत.

"आणि ते कानाचं?" हर्षालीनं विचारलं. "ते पण घेऊ?"

"नाही," मी म्हटलं. "विहीर ने. कान राहू दे."